रॉडचं हँडल चिकट झालंय? पावडरचा डबा आधी खाली ठेवा

पाऊस उघडला, नवरात्र गेलं, सकाळी जरा गारवा जाणवायला लागला की आमच्या घरी माळ्यावरून मासे पकडायच्या रॉडची पिशवी खाली येते, आणि गेली चार वर्षं त्या पिशवीची चेन उघडली की तोंडातून पहिला शब्द निघतो तो "अरे यार". हँडलला हात लावला की हात चिकटतो. म्हणजे कसा, तर गुळाची ढेप फोडल्यावर हात न धुता तसेच वाळवले तर बोटं एकमेकांना धरून बसतात ना, तसा. त्यात पिशवीच्या अस्तराचे धागे चिकटलेले, धूळ चिकटलेली, एका वर्षी तर एक अख्खी मुंगी. आणि काळं. हाताला लागलेलं ते काळं साबणाने पण पहिल्या धुण्यात जात नाही.

हा रॉड मामांनी दिलेला, पंधरा-सोळा वर्षं जुना असेल, कांडी कार्बनची आहे आणि अजून ठणठणीत आहे, गेल्या वर्षीच गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला त्याच्यावर चांगला रोहू काढलाय. म्हणजे रॉडला काही झालेलं नाही, फक्त हँडल सडलंय. फेकवत तर नाही. मग काय, प्रयोग.

आधी माझे चुकलेले प्रयोग सांगतो, कारण बहुतेक जण याच क्रमाने चुकतात. पहिल्या वर्षी टाल्कम पावडर चोळली. लावल्या लावल्या हँडल एकदम छान कोरडं, मऊ, मी बायकोला बोलावून दाखवलं पण. धरणावर गेलो, हाताला घाम आला, आणि अर्ध्या तासात पावडर, घाम आणि तो चिकटा यांचं मिळून राखाडी लेप तयार झाला, भांडी घासायच्या जुन्या पावडरीसारखा. दुसऱ्या वर्षी भांड्यांच्या लिक्विडने धुतलं, दोन दिवस बरं होतं, पुन्हा तेच. मग करोनातलं उरलेलं सॅनिटायझर, त्याने थोडं निघालं पण वरून वेगळाच चिकटपणा आला, कारण त्या जेलमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन आणि घट्ट करायला अजून काय काय घातलेलं असतं, ते सगळं मागे राहतं. मग कोणीतरी सांगितलं गाडीचं डॅशबोर्ड पॉलिश मार. मारलं. चमकलं भारी, पण पकडायला गेलं की साबणाची वडी. कटला ओढत असताना रॉड हातातून सुटता सुटता राहिला.

सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या वर्षी, थिनर. भाच्याच्या एका स्वस्तातल्या रॉडवर आधी करून बघितलं हे नशीब, कारण चिकट थर तर गेलाच पण खालचं प्लास्टिक पांढरं पडलं, मऊ झालं आणि त्याच्यावर माझ्या बोटांचे ठसे कायमचे उमटले. भाचा अजून तो रॉड दाखवून चिडवतो, "मामा, तुमची सही आहे याच्यावर."

आता मुद्दा. इतक्या उपद्व्यापानंतर एक गोष्ट डोक्यात शिरली, ती म्हणजे हा मळ नाहीये. आपण मळ समजून धुतो आणि तिथेच सगळं फसतं. हँडल बाहेरून चिकट झालेलं नसतं, तो थर स्वतःच विरघळत चाललेला असतो, आतून. त्यामुळे किती पण धुवा, खाली अजून चिकट माल शिल्लकच आहे.

होतं काय, की गेल्या काही दशकांत कंपन्यांना सगळ्या वस्तू हाताला मखमली लागाव्यात असं वाटायला लागलं. रॉडचं हँडल, रीलची म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकाची मूठ, टॉर्च, दुर्बीण, कॅमेरा, ट्रिमर, गाडीतली बटणं, छत्रीची मूठ, सगळीकडे कडक प्लास्टिकवर एक पातळ रबरी रंग मारला जातो, त्याला सॉफ्ट टच म्हणतात. हा रंग बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेन म्हणजे लांबच लांब साखळ्या, आणि यातल्या काही प्रकारांत त्या साखळीच्या कड्या हवेतल्या पाण्याने तुटतात. पाण्यात बुडवायची गरज नाही, हवेतला दमटपणा पुरतो, वर उष्णता असली की काम अजून जोरात. लांब साखळ्या होत्या तोपर्यंत तो रबर होता, तुकडे झाले की तो डिंक झाला. एकदा तुटलेल्या कड्या परत जोडल्या जात नाहीत, म्हणून "चिकट रबर पूर्ववत करणारं" म्हणून कोणी काही विकत असेल तर पैसे वाचवा.

आणि आता आपल्या नाशिकचा हिशेब बघा. मार्च ते मे माळा कसा तापतो ते माहितीये, चाळिशी गाठलेली असते, वर गच्चीचा स्लॅब. त्यानंतर लगेच जून ते सप्टेंबर चार महिने दमट. म्हणजे आधी भाजायचं आणि मग वाफवायचं, आणि ते पण चेन लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. याच्यापेक्षा हँडल लवकर सडवायची चांगली सोय मला तरी सुचत नाही. मामांचा दुसरा रॉड, त्याच सुमाराचा, हॉलमध्ये खिळ्यावर उघडा टांगलेला असतो, त्याला अजून काही झालेलं नाही.

तर हाताला चिकटलं की बाटली उचलायच्या आधी बघा तुमचं हँडल आहे कशाचं. इथेच सगळा खेळ आहे. एका जागी नखाने दाबून ओरखडा काढा, बुडाकडे, जिथे दिसणार नाही. वरून पातळ साल निघाली आणि खाली कडक प्लास्टिक लागलं तर तो सॉफ्ट टचचा रंग. नख आत रुततंय, सगळं हँडलच मऊ लिबलिबीत आहे आणि आतपर्यंत तसंच आहे, तर ती मऊ प्लास्टिकची किंवा रबराची नळी आहे, कांडीवर ओढून बसवलेली. स्पंजसारखं दाबलं जातं आणि परत वर येतं तर तो ईव्हीए फोम. बुचासारखं तांबूस, बारीक भोकांचं, तर कॉर्क. आणि हँडलवर कधी काळी कोणी बॅडमिंटनची ग्रिप किंवा इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली होती का ते आठवा, कारण बऱ्याचदा चिकटतो तो हँडलचा माल नसून त्या टेपचा गोंद असतो.

अजून एक, हे सांगायला लाज वाटते पण सांगतो. एकदा एक शेजारी रॉड घेऊन आला, म्हणाला माझं पण तुझ्यासारखंच झालंय. वास घेतला तर व्हॅनिला. गडी कणकेच्या गोळ्यात गूळ आणि इसेन्स घालून चारा करतो आणि तेच हात हँडलला. कोमट पाण्यात धुतलं, संपला विषय. म्हणजे पहिली पायरी कायम हीच, कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, जुना टूथब्रश, मग फडक्याने पुसून एक रात्र सावलीत ठेवा. सकाळी कोरडं लागलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही. सकाळी परत चिकट, तर पुढे या.

सॉफ्ट टचचा रंग असेल तर

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, माझा पण हाच होता. इथे साफ करायचं नाही, उतरवायचं. पूर्ण. जिथे चिकट नाही तिथला पण, कारण आज चिकट नाही तो पुढच्या दिवाळीला चिकटणारच आहे. मी एका वर्षी फक्त मुठीचा भाग उतरवला आणि उरलेला चांगला आहे म्हणून सोडला, तो पुढच्या वर्षी आला गळ्यात.

लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोली भाषेत आयपीए. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड धुवायला हेच वापरतात, एमजी रोडला मोबाईलचं रिपेअरिंग सामान मिळतं तिथे आयपीए म्हणून मागितलं की देतात. बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं असलं तर उत्तम, ७० टक्केवाल्याने पण होतं पण हात दुखतात. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट घ्यायचं तर लेबल वाचा, काही स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळलेलं असतं आणि मग ते तेल हँडलवर राहतं. मला एका दुकानदाराने "तेच आहे ओ" म्हणून भलतंच काहीतरी दिलं होतं, वासावरून कळलं की रंगाचं थिनर आहे, तेव्हा वासावर विसंबू नका, लेबल वाचूनच घ्या.

आधी रील काढा, रॉडचे भाग वेगळे करा. हँडलच्या वर कांडीवर जे छापलेलं असतं, किती वजनाचा ल्युअर म्हणजे नकली चारा, किती पौंडाची लाईन म्हणजे दोरी, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण चुकून अल्कोहोल लागलं तर ती छपाई पुसली जाते आणि मग आयुष्यभर अंदाजपंचे. मग हँडल सोडून वरच्या कांडीला, विशेषतः दोऱ्याने बांधलेल्या पहिल्या रिंगेपर्यंत, मास्किंग टेप आणि त्याच्यावर कागद गुंडाळा. त्या दोऱ्यावरचं चकचकीत लुकण आपल्याला खराब करायचं नाहीये.

काम गच्चीवर किंवा गॅलरीत. हे मी उगाच सांगत नाही, आयपीए पेट्रोलचा भाऊच आहे, साधारण १२ अंशालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि आपल्या घरात सकाळी देवापुढे दिवा, स्वयंपाकघरात गॅस, बाथरूमबाहेर गॅस गीझर, कुठे ना कुठे ज्योत असतेच. ती वाफ हवेपेक्षा जड असते, फरशीवरून सरकत जाते. तेव्हा बाहेर बसा, विडी-सिगारेट लांब, हातात रबरी मोजे.

फडकं जुन्या बनियनचं घ्या. टिश्यू पेपर अजिबात नको, तो फाटून त्या चिकट्यात बसतो आणि हँडलला दाढी उगवते. फडकं आयपीएमध्ये चिंब करून हँडलला गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी, म्हणजे उडून जाणार नाही, आणि पाच मिनिटं चहा प्या. मग सोडून एकाच दिशेने, वरून खाली, दाबून ओढा. पुढे-मागे घासलं की निघालेलं काळं परत तिथेच थापलं जातं. एक ओढ झाली की फडक्याची स्वच्छ बाजू वर. पहिल्या वेळी फडकं डांबरासारखं काळं होईल, घाबरू नका, तेच पाहिजे. माझ्या हँडलला असे पाच फेरे लागले आणि दीड बनियन गेलं. खाचा असतात, रील बसवायच्या जागेचे आटे असतात, तिथे टूथब्रश आणि आगपेटीच्या काडीला फडक्याचं टोक गुंडाळून. अगदी चिवट डाग राहिला तर खायच्या सोड्याची पाण्यात घट्ट पेस्ट करून चोळा, सोडा बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. तारेचा काथ्या नको, ओरखडे पडतात.

कधी थांबायचं, तर कोरड्या बोटाने ओढल्यावर बोट सरळ सरकलं पाहिजे, कुठेच अडकता कामा नये. मग एकदा लिक्विड आणि पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं. खाली जे निघतं ते साधं कडक काळं प्लास्टिक, काही ठिकाणी चकाकणारं, दिसायला गरीब. पण ते चिकटणार नाही, ना पुढच्या वर्षी ना नंतर.

अॅसिटोन, जे बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं, आणि थिनर, या दोन्हींना हात लावू नका, रॉडचे प्लास्टिकचे भाग बऱ्याचदा एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे असतात आणि एबीएस त्यात विरघळतं. भाच्याचा रॉड पुरावा आहे. पेट्रोल, रॉकेल, गंज सोडवायचे स्प्रे, यांनी रबर फुगतं आणि तेलकट होतं.

नळी किंवा स्लीव्ह असेल तर

इथे वाईट बातमी. मऊ प्लास्टिकच्या नळीत ते प्लास्टिक मऊ राहावं म्हणून तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं, जुनं झालं की ते घामासारखं बाहेर येतं. पुसलं की दोन आठवड्यांत परत. जुन्या रबराच्या नळ्या पण अशाच, हवेतल्या ऑक्सिजनने मऊ पडून चिघळतात. यात वाचवण्यासारखं काही नाही, कापून काढा. आणि कापताना जपा राव, ही सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी चालेल. कटरचं पातं नळीच्या पूर्ण जाडीत घालायचं नाही, अर्ध्या जाडीपर्यंत लांब चीर द्यायची आणि उरलेलं हाताने फाडायचं. कारण खाली कार्बनची कांडी असेल आणि पात्याने तिच्यावर बारीकशी रेघ जरी पडली तरी ती जागा कमजोर होते, आणि ती तुटते कधी, तर सगळ्यात मोठा मासा लागलेला असतो तेव्हाच.

याचं अजून एक कारण आपण स्वतः तयार करतो. मऊ प्लास्टिकचे ल्युअर, ते जेलीसारखे किडे-बेडूक-मासे, हे मऊ राहायला तेच द्रव्य भरपूर लागतं. ते उघडे हँडलला टेकून ठेवले की द्रव्य तिकडे उतरतं. मरळीसाठी आणलेला एक रबरी बेडूक मी पिशवीत तसाच टाकला होता, उन्हाळाभर, बाहेर काढला तेव्हा बेडकाचं पोट आणि हँडल एकजीव. त्याच बेडकाने ल्युअरच्या डबीचा तळ पण खाल्लेला होता. ज्या पाकिटात येतात त्याच पाकिटात ठेवायचे.

डास पळवायच्या क्रीमचं पण तसंच. ज्यात डीट हे डास पळवणारं रसायन असतं ते बऱ्याच प्लास्टिकांना मऊ करतं. संध्याकाळी बॅकवॉटरला डास फोडून काढतात, क्रीम न लावून चालत नाही, तर मनगटाच्या वर लावा आणि तळहात पुसून मगच रॉड धरा.

टेपचा गोंद असेल तर सगळ्यात सोपं. इथे मात्र तेलच औषध. खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवा, गोंद गोळ्या होऊन सुटतो, निलगिरीचं तेल असेल तर अजून लवकर. नंतर लिक्विडने दोनदा धुवा. गोंद सोडवणारं हेच खोबरेल सडक्या रबरावर लावलं की वाट लागते, म्हणून तर आधी हँडल ओळखा म्हणतोय.

ईव्हीए फोम स्वतःहून सहसा चिकट होत नाही, त्याच्या भोकांत घाम, चारा, माशाचा बुळबुळीतपणा बसलेला असतो. ब्रश, लिक्विड, कोमट पाणी. वाळल्यावर ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवला की नव्यासारखा मॅट दिसतो. कॉर्कचं पण जवळपास तेच, फक्त भिजत घालायचं नाही, आणि चिकट असेल तर बहुतेक कोणीतरी हौसेने मारलेलं वॉर्निश असतं, ते पॉलिश पेपरने उतरवायचं, कुठलंही द्रावण न लावता. पडलेली भुसभुशीत भोकं त्याच घासलेल्या कॉर्कची पूड आणि फेविकॉल कालवून भरता येतात.

आता वर काय चढवायचं

रंग उतरवलेलं प्लास्टिक ओल्या हाताला सटकतं, म्हणून काहीतरी गुंडाळावं लागतं. मी तीन गोष्टी करून बघितल्या.

क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप. डोक्यात आयडिया भारी होती, रविवार कारंजाजवळून येताना घेऊन पण आलो, पण बॅटचा दांडा जाड, रॉडचं हँडल बारीक, ग्रिप चढली आणि हँडलवर गोल फिरायला लागली. आणि शेवटी ते पण रबरच. कॅन्सल.

बॅडमिंटनची ओव्हरग्रिप चांगली बसते. बुडाकडून सुरू करायची, ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत, आणि शेवटी टेपऐवजी मेणाच्या दोऱ्याने घट्ट बांधायची म्हणजे परत गोंदाची कटकट नको. वेढे कसे सारखे पडले पाहिजेत ते येवल्याच्या कोणाला विचारा, संक्रांतीला आसारीवर म्हणजे पतंगाच्या फिरकीवर दोरा गुंडाळून हात बसलेला असतो. फक्त ही ग्रिप पण बऱ्याचदा पॉलियुरेथेनचीच असते, एक-दोन वर्षांत तिचे पापुद्रे निघतात. पण ती स्वस्त आहे, दर दिवाळीला बदलून टाकायची, हँडल तर शाबूत राहतं.

तिसरी, जी आता माझ्या रॉडवर आहे, हीट श्रिंक नळी. वायरमनकडची साधी काळी. घेर मोजायला हँडलभोवती दोरा गुंडाळा आणि पट्टीवर लांबी बघा. माझा घेर आला ८५ मिलिमीटर, त्याला ३.१४ ने भागलं की जाडी २७ च्या आसपास. ही नळी तापवल्यावर निम्मी होते, म्हणून मी ४० मिलिमीटरची घेतली, ती २० पर्यंत आवळू शकते, म्हणजे २७ वर गच्च. ३५ ची पण चालली असती पण चढवायला त्रास. घालायची बुडाकडून, त्यासाठी बुडाची टोपी काढावी लागते, ती निघत नसेल तर दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात बुडवून पिळा. फोल्डिंगचा रॉड असेल तर टोपी आट्याची असते, उघडताना उभा धरू नका, आतले सगळे भाग खाली सांडतात. रीलच्या पुढच्या भागाला नळी जात नाही कारण मध्ये रीलची बैठक आणि वर रिंगा, तिथे ओव्हरग्रिपच.

हॉट एअर गन गल्लीतल्या मोबाईलवाल्याकडून अर्धा तास मागून आणली. कमी तापमानावर, सतत फिरवत, मधून सुरुवात करून टोकांकडे, म्हणजे हवा अडकून फुगा येत नाही. एकाच जागी धरलं तर खालची कांडी ज्या लुकणाने बनलीये ते मऊ पडू शकतं, आणि खाली ईव्हीए असेल तर ही पद्धत नकोच, फोम आक्रसतो. नळी गार होईपर्यंत हात लावू नका, मी लावला, अंगठ्याला फोड.

हे करताना एक मित्र म्हणाला, बरं झालं, आता करंट लागणार नाही. असं काही समजू नका बाबांनो. कार्बन वीज वाहून नेतो, बॅकवॉटरच्या कडेने शेतातल्या मोटारींच्या वायरी कशा लोंबत असतात ते बघितलंय ना, ओला रॉड, ओला हात, त्यापुढे ही मिलिमीटरभर नळी काहीच नाही. वायरीखाली रॉड उभा करायचाच नाही.

रीलच्या मुठीचं पण हँडलसारखंच, फक्त ती स्क्रू खोलून बाजूला काढा आणि मगच आयपीए लावा, नाहीतर ते आत उतरून बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन टाकतं आणि मग रील करकरायला लागतं. काढता येत नसेल तर फडकं ओलं, टपकणारं नाही.

परत परत का होतं

एक तर अर्धवट उतरवलेलं, ते वर आलंच. दुसरं ठेवण्याची जागा. माझा रॉड आता माळ्यावर जात नाही, बेडरूमच्या कपाटामागे उभा असतो, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी आईच्या जुन्या सुती साडीच्या पिशवीत, जी आईनेच शिवून दिली आणि वर विचारलं, "एवढं माशांचं काय ते कौतुक." गाडीच्या डिकीत मी रॉड ठेवत नाही, उन्हात उभ्या गाडीत माळ्यापेक्षा वाईट अवस्था असते. वर्तमानपत्रात पण गुंडाळू नका, चिकटलं तर बातम्या हँडलवर छापल्या जातात, मामांच्या एका रॉडवर अजून निफाडच्या द्राक्षांचे भाव वाचता येतात, तेही उलटे. धरणावरून आलं की ओल्या फडक्याने पुसायचं, पंख्याखाली वाळवायचं, मग पिशवीत. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा नुसतं बाहेर काढून हात फिरवायचा, चिकटायला लागलं तर तेव्हाच कळतं, एका फेऱ्यात निघतं.

गेल्या रविवारी हे नवीन हँडल घेऊन गंगावऱ्ह्याच्या बाजूला बसलो होतो, मच्छीमार सोसायटीच्या माणसाला विचारूनच, तिथे मासेमारीचा ठेका असतो त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. शेजारी एक बाबा, डोक्यावर टोपी, हातात बांबूची काठी आणि नायलॉनची दोरी. माझ्या हँडलकडे बघून विचारलं, "हे काय गुंडाळलंय?" मी सगळं सांगितलं, पॉलियुरेथेन, दमट हवा, आयपीए, हीट श्रिंक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आपल्या काठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "आमची कळकाची हाये. तीस वर्सं झाली, आजून काय चिकाटली न्हाई." तेवढ्यात त्यांचीच दोरी ताणली आणि त्यांनी एक तळहाताएवढी चिलापी काढून माझ्या बाजूला टाकली, "धरा, तुमच्या हँडलला."